गोलकीपरबाईंच्या घरची कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करते की मी जन्माची भित्री आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी कॅसेट पाहिलीही नसेल. काळा प्लॅस्टिकचा डबा, आत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी टेप, केसाहूनही पातळ. एवढ्या नाजूक अंगावर दोन तासांचा सिनेमा वागवायचा, म्हणजे जीव मुठीत धरूनच जगावं लागतं.

माझा सिनेमा खऱ्या घटनेवरचा होता. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या अकरा बायका वाळत घातलेल्या चादरींच्या मधल्या जागेत हॉकी शिकतात. लोक त्यांना हसतात. शेवटी त्या एका नामांकित संघाशी भिडतात. शेवटच्या मिनिटाला त्यांच्याविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक मिळतो. गोलकीपर छाती काढून उभी राहते, समोरच्या खेळाडूकडे रोखून बघते आणि चेंडू अडवते. सिनेमात तिला सगळे ‘भिंत’ म्हणतात. मी अशी घाबरट, आणि माझ्या पोटात ही शूर बाई!

मी भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानात राहायला आले. तिथे माझा फार बोलबाला होता. शनिवारी मला नेण्यासाठी माणसं दुकान उघडण्याआधी येऊन उभी राहायची. पण प्रत्येक नव्या घरी काही ना काही धोका असायचाच. कुणी मला उन्हात ठेवायचं, कुणी माझ्यावर चहाचा कप टेकवायचं. एका घरी तर कुणाच्या तरी साखरपुड्याचं चित्रीकरण माझ्यावर करायचं ठरलं होतं. मशीनचं बटण दाबता दाबता त्यांना कोरी कॅसेट सापडली म्हणून मी वाचले.

पुढे सीडीच्या चकत्या आल्या आणि दुकान बंद पडलं. माझ्या बहिणी पोत्यात भरल्या गेल्या. दुकानदाराने मला तेवढं बाजूला काढलं आणि तीन गल्ल्या सोडून एका घरी नेलं.

“ताई, बाकीच्या भंगारात गेल्या,” तो म्हणाला. “ही तुमची. तुमच्याकडेच राहू दे.”

ताई म्हणजे तीच, खरी गोलकीपर. मला किती आनंद झाला! पण तिने मला तापलेलं भांडं धरावं तसं दोन बोटांनी धरलं आणि कपाटात सगळ्यात खाली, पांघरुणांच्या मागे सरकवून दिलं. स्वतःवरचा सिनेमा या बाईने एकदाही पाहिला नव्हता.

तिथे मी पंधरा वर्षं पडून होते. पावसाळ्यात ओल यायची. माझ्या कडेला बुरशीचा पांढरा ठिपका उमटला, आणि तो रोज वाढतोय असं वाटून मी अंधारात झुरत राहिले.

मग एका दुपारी कपाट उघडलं. बाईंच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनसाठी निघायचं होतं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी कुठूनसा एक जुना व्हीसीआर आणून, दोन दिवस खपून चालू केला होता.

“अहो, नको म्हणते ना मी!” बाई म्हणाल्या.

“अगं, सकाळपासून चार वेळा तेच कपाट आवरलंस. बस जरा. बघून धीर येईल.”

“त्या सिनेमाने? मला?”

तरी त्या बसल्या. मशीनने मला आत ओढलं, माझं झाकण उघडलं आणि टेप बाहेर खेचली. मी थरथरत फिरू लागले. बाई बघत होत्या. एकदाच हसल्या. “पॅड बघा किती चकचकीत! आम्ही जुन्या गाद्या फाडून शिवले होते.”

पेनल्टी स्ट्रोक आला. बाईंची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळली. पडद्यावर स्टिक उचलली गेली, आणि त्याच क्षणी मशीन किंचाळलं. माझी टेप एका चाकात गुंतली, गुंडाळली, चुरगळली. संपलं, मला वाटलं. आता तुटणार मी!

काकांनी वायर खेचली. सगळं थांबलं.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “पुढचं सगळं खोटं आहे.”

“खोटं म्हणजे?”

“मी कुणाकडे रोखून बघितलं नव्हतं. डोळे गच्च मिटले होते. चेंडू येऊन पायावर आदळला, एवढंच. बायका ओरडल्या तेव्हा मला वाटलं गोल झाला. चाळीस वर्षं लोक मला भिंत म्हणतात, अहो, आणि मी ऐकून घेते. आजही तसंच होतंय. उद्या त्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपायच्या आधी पळून जावंसं वाटतंय.”

मला सोडवायला मशीन उघडणारा काकांचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या शेजारी थांबला.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“तुझ्या मागेच होतो की मी. गोलमागचं घड्याळ बंद पडलं होतं, शिडीवर चढलो होतो. तुझे डोळे नाही दिसले, पाय दिसले. लटलटा कापत होते. म्हटलं, ही पोरगी आता जागा सोडते. पण तू नाही सोडलीस.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“गोष्ट तुझी. तू काढशील तेव्हा बोलायचं.”

बाई बराच वेळ डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, “उद्या कुठे असाल?”

“दाराबाहेर. शिडी आत नेऊ देणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागलं. मी टेबलावर, आतडी बाहेर काढल्यासारखी, एका रुमालाखाली पडून राहिले. काका मधूनच येत, कपडे घेत, माझ्याकडे न बघताच जात. त्यांच्या चालण्यावरून काही कळेना. मित्रांनो, चाकात गुंतले तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. तेव्हा भीती फक्त माझी होती.

तेविसाव्या दिवशी दारात दोन माणसांची पावलं वाजली. एकाची फार हळू होती. “पंखा लावा हो, केवढं उकडतंय!” बाईंचा आवाज आला.

आठवड्याभराने काकांनी चुरगळलेली हातभर टेप पात्याने कापली आणि टोकं चिकटपट्टीने जोडली. मला पुन्हा लावलं. स्टिक चेंडूवर बसते, आणि लगेच बायका ओरडत धावत येतात, गोलकीपरला उचलून घेतात. मधलं काहीच नाही.

“नेमकं तेवढंच गेलं गं,” काका ओशाळून म्हणाले. “तू अडवतेस ते.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “मला तरी कुठे दिसलं होतं?” आणि छातीच्या टाक्यांवर हात दाबून त्या हसत सुटल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल तर तिला ओलीत आणि लोहचुंबकाजवळ ठेवू नका. वर्षातून एकदा तरी फिरवा. आणि जिच्यावर सिनेमा निघाला ती बाई अजून असेल, तर मशीन बंद करून तिच्याजवळ बसा आणि खरं काय झालं ते विचारा. आमच्या टेपवर सगळंच उतरलेलं नसतं.

माझी भीती काही गेलेली नाही. तो जोड सुटेल का, बुरशी पसरेल का, हे दोघं नसतील तेव्हा मला कोण ठेवील? मशीनचं तोंड उघडलं की मी आजही कापते. बाईंना ते बहुतेक कळतं. आत सारण्याआधी त्या मला क्षणभर हातात धरतात. ‘घाबरू नकोस’ असं कधीच म्हणत नाहीत. नुसतं ‘चल’ म्हणतात, आणि मी जाते.