दोन मिनिटं बर्निसची

"तुझं मी वाचून दाखवते की," ऑड्री म्हणाली. "तू नुसती शेजारी उभी राहा. हसलीस तरी पुरे. कुणी काही म्हणायचं नाही."

टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, सभागृहामागच्या स्वयंपाकघरात कॉफीचं मोठं भांडं खदखदत होतं. बाहेर लोखंडी खुर्च्या उलगडल्याचे आवाज येत होते. बर्निस पाव्लाक भोपळ्याच्या केकचे चौकोन कापत होती. तिने सुरी थांबवली नाही, नुसती नकाराची मान हलवली.

"अगं, तुला कमी लेखून नाही म्हणत मी."

"मा... माहीत आहे."

"मग?"

"नको. आणि जास्त वेळही देऊ नकोस. सगळ्यांना दोन मिनिटं, तर मलाही दोनच."

ऑड्री क्रेट्झरने सुस्कारा सोडला. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. ऑड्री पुढे ग्रंथपाल झाली, निवृत्त झाली, आणि दर निवडणुकीला ऑक्टोबरात उमेदवारांची ओळख करून देण्याची ही सभा भरवत आली. टाउनशिपचा प्रमुख, कारकून, शाळा मंडळाचे सभासद, जो कोणी उभा असेल त्याने समोर यायचं, आपण कोण ते सांगायचं आणि घंटा वाजली की बसायचं. घंटेच्या बाबतीत ऑड्री सख्ख्या भावालाही सोडत नसे. आज मात्र ती घंटा तिला जड वाटत होती.

बर्निसची जीभ लहानपणापासून अडखळायची. सगळ्याच अक्षरांवर नाही. काही अक्षरं नुसती ठेचाळायची आणि सुटायची. पण 'ब' म्हणजे उभी भिंत. ओठ मिटायचे ते मिटूनच राहायचे, मान ताठ व्हायची, डोळे बारीक व्हायचे आणि समोरचा माणूस आपल्या बुटांकडे बघायला लागायचा. नेमकं नावच तिचं बर्निस. आईने ठेवलं तेव्हा तिला काय माहीत. मोठी होता होता बर्निस त्या भिंतीला वळसा घालायला शिकली. बटाट्यांना 'ते' म्हणायची, दार बंद कर म्हणायच्या ऐवजी 'दार लाव' म्हणायची. शाळेची पिवळी बस चालवायला लागून तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण तिच्या तोंडी ती कायम 'गाडी'च होती. मुलांचं काही अडत नसे. आरशातून तिने एकदा बघितलं की मागच्या बाकावरची धुसफूस थांबे. नवीन मूल आठवडाभर तिच्या बोलण्याकडे टकामका बघे, मग विसरून जाई.

आणि वळसा घालूनही जिथे भागत नसे तिथे एमिल होता. तिचा नवरा. साखर कारखान्यात जन्म काढलेला, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. लग्नाआधीपासून तो तिचं अडलेलं वाक्य हाताला धरून पार करून देत आला होता. दुकानात, डॉक्टरकडे, चर्चच्या पायरीवर. ती थांबली की तो म्हणायचा, "तिला म्हणायचंय की..." आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. लोक म्हणायचे, काय नशीबवान बाई.

गेल्या मार्चपर्यंत बर्निसलाही तसंच वाटत होतं.

मार्चमध्ये शाळा मंडळाच्या बैठकीत पाइन ग्रोव्हचा विषय निघाला. टाउनशिपच्या उत्तर टोकाला, साखरेच्या बिटाच्या शेतांमधली ती छोटी शाळा. पटसंख्या घटली, छपराला खर्च येतोय, तेव्हा ती बंद करून मुलांना शहरातल्या शाळेत न्यावं असं मंडळाचं म्हणणं. एवढ्या लांबच्या फेरीसाठी पाच-सहा वर्षांच्या पोरांना काळोखात उठवायचं, हे बर्निसला पटत नव्हतं. नागरिकांनी बोलायची वेळ आली तशी ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा उठली. आणि नेमकी 'ब'वर अडकली.

"ब..." ओठ मिटले ते उघडेनात.

मंडळाचा अध्यक्ष डेल व्हॉस. ट्रॅक्टर विकायचा. भला माणूस, आणि तीच तर अडचण होती. बर्फात खड्ड्यात गेलेली एमिलची गाडी त्याने स्वतः येऊन ओढून काढली होती. त्याला तिचे हाल बघवेनात.

"बसची सोय होईल, असंच ना बर्निस?" तो मायेने म्हणाला. "बस, बस. कळलं आम्हाला. आभारी आहोत. पुढचं कोण?"

लोकांनी माना डोलावल्या. बर्निस उभीच होती. शेजारच्या बाईने हळूच तिची बाही ओढून तिला खाली बसवलं.

त्या आठवड्याच्या स्थानिक पेपरात आलं, बसचालक बर्निस पाव्लाक यांनीही बसची सोय होऊ शकेल असं सांगितलं. पेट्रोल पंपावर कुणीतरी तिला म्हणालं, "तू म्हणतेस म्हटल्यावर होईलच की. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?" तिने टाकी भरली, घरी आली आणि जेवणाच्या टेबलाशी कोट न काढताच बसून राहिली.

"डेलला तसं वाईट काही म्हणायचं नव्हतं," एमिल म्हणाला.

"मला तसं म्ह... म्हणायचं नव्हतं."

"ते मला माहीत आहे गं. मी जाऊन सांगतो त्याला."

"तू नाही."

उन्हाळ्यात मंडळाच्या एका जागेसाठी अर्ज मागवले. डेलची मुदत संपत होती आणि त्याच्यासमोर कुणी उभं राहणार नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बर्निसने जाऊन अर्ज भरला. एमिलला तिने नंतर सांगितलं. तो कप ढवळत बसला.

"निवडून आलीस तर बस सोडावी लागेल," तो म्हणाला. "मंडळावर बसून मंडळाचीच नोकरी चालत नाही."

"माहीत आहे."

"मग कशाला, बाई?"

त्याचं उत्तर तिने दिलं नाही. द्यायला घेतलं असतं तर त्यानेच ते पुरं केलं असतं.

आता सभागृह भरलं होतं. बिटाची काढणी ऐन भरात, तरी लोक शेतातल्या बुटांनिशीच आले होते. पहिली ओळख हार्वी टब्सची, टाउनशिपच्या प्रमुखपदासाठी. त्याने रस्त्याकडेच्या चरांपासून सुरुवात केली आणि चरांवरच संपवली. मागून कुणीतरी म्हणालं, "हार्वी, मत देतो, पण आधी माझ्या दारातलं पाणी काढ." हशा पिकला. कारकुनाच्या जागेला एकटी लोइस उभी होती. ती म्हणाली, "माझ्याविरुद्ध कुणी नाही, तेव्हा माझी मिनिटं मी दान करते. केक खा." पुन्हा हशा. मग डेल आला. चांगलं बोलला. आपली मुलं, आपला पैसा, कठीण निर्णय, मन घट्ट करावं लागतं. त्याचं पुरं झालं आणि घंटा वाजली, जणू दोघांनी ठरवून घेतलं होतं.

"बर्निस पाव्लाक," ऑड्रीने नाव घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं.

बर्निस पुढे गेली. कागद नव्हता. काय बोलायचं ते तिला पाठ होतं. मोजकीच वाक्यं होती, आणि महिनाभर रिकाम्या बसमध्ये ती ती म्हणत आली होती. एकही शब्द तिने सोपा करून घेतला नव्हता. वळसा घालायचा नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं.

"मी ब..."

भिंत. ओठ मिटले. मान ताठ झाली. सभागृहातल्या लोकांना आपापले बूट आठवले. कॉफीच्या भांड्याचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी खोकलं.

"...बर्निस पाव्लाक."

एवढ्यालाच केवढा वेळ गेला. तिने घाम पुसला नाही.

"मार्चमध्ये मी असं म्हणाले नव्हते, की ब..."

पुन्हा तेच. या खेपेला भिंत हलेचना. तिचा चेहरा लाल झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे मिटून घेतले, जणू आपल्याच घशात काही अडकलंय. आणि तिसऱ्या रांगेतून, हळू, सवयीने, प्रेमाने एमिलचा आवाज आला.

"बसची."

बर्निसने ओठ सोडले. त्याच्याकडे बघितलं. लग्नाच्या दिवशीही तिने त्याच्याकडे इतकं थेट बघितलं नसेल.

"एमिल," ती म्हणाली, "ते वा... वाक्य माझं आहे."

कुणी हसलं नाही. एमिलने टोपी गुडघ्यावरून उचलली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. त्याचे कान तापले होते. बर्निसला ते दिसलं आणि तिच्या काळजात कळही आली. पण तिने वाक्य मधून उचललं नाही. पहिल्यापासून सुरू केलं.

"मार्चमध्ये मी असं म्हणाले नव्हते, की ब... बसची सोय होईल. ते डेल म्हणाला. मला म्हणायचं होतं, पाइन ग्रोव्ह ब..."

घड्याळाचा काटा जागेवर आला. ऑड्रीचा हात घंटेवर होता. तिने बर्निसकडे बघितलं. बर्निसनेही तिच्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. ऑड्रीने घंटा वाजवली. नंतर ती सांगायची की आयुष्यात असं कठीण काम तिने दुसरं केलं नाही.

घंटा वाजली तरी बर्निस तिथेच होती. ओठ मिटलेले, हात कोटाच्या खिशात. डेल अर्धवट उठला. त्याच्या चेहऱ्यावर तीच माया होती.

"मित्रहो, बर्निसचं मन आपण सगळे जाणतो. तिला एवढंच म्हणायचंय..."

"नाही," बर्निस म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून कसा स्वच्छ निघाला. "तुला माहीत नाही. तू खाली बस."

त्या 'बस'वर ती अडखळली नाही, हे त्या क्षणी तिच्याही लक्षात आलं नाही. डेल बसला.

"पाइन ग्रोव्ह बं... बंद केली, तर त्या पोरांना काळोखात घेऊन जाणारी ब... बस मी चालवणार नाही. दुसरं कोणी चालवेल. मी नाही."

एवढं बोलून ती आपल्या खुर्चीकडे गेली. टाळ्या पडल्या, पण थोड्या आणि चुकत माकत, कारण टाळ्या वाजवाव्यात की नाही तेच लोकांना कळेना. हार्वी टब्स मात्र उभा राहून वाजवत होता. त्याचा नातू पाइन ग्रोव्हला होता.

घरी जाताना एमिल गाडी हळूहळू चालवत होता. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "मला वाटलं मी मदत करतोय."

"करत होतास," बर्निस म्हणाली. "खूप वर्षं."

त्याने गाडी थांबवली, पण उतरला नाही. तीही उतरली नाही. 

निवडणूक ती हरली. उत्तरेकडची मतं तिला पडली, शहराकडची डेलला, आणि शहराकडे माणसं जास्त. हिवाळ्यात मंडळाने ठराव केला, आणि जूनमध्ये पाइन ग्रोव्हच्या दारावर कुलूप लागलं.

ऑगस्टमध्ये डेल स्वतः तिच्या घरी आला. सोबत पीचची टोपली होती. ओसरीवर टेकला.

"उत्तरेची फेरी तुलाच द्यायची असं ठरलंय," तो म्हणाला. "पोरं तुला ओळखतात. त्यांनाही धीर येईल. मी अध्यक्ष म्हणून नाही, डेल म्हणून सांगतोय."

"मी चालवणार नाही."

"ते जाऊ दे गं. सभेत माणूस बोलण्याच्या भरात काहीही बोलून जातो. आम्ही कुणी ते मनावर घेतलेलं नाही."

बर्निसने त्याच्याकडे बघितलं. एमिल दारात उभा होता, जाळीच्या आत. तो काही बोलला नाही.

"डेल," ती म्हणाली, "ते ब... बोलायला मला किती वेळ लागला, तू समोर होतास. भरात बोलणाऱ्याला इतका वेळ लागतो का?"

 डेलने टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "निवृत्तिवेतनाला थोडीच वर्षं राहिली होती तुझी."

"हो."

तिने आत जाऊन किल्ल्यांचा जुडगा आणला आणि त्याच्या हातात दिला. पीच ठेवून घेतले. त्याचा राग असा तिला नव्हताच.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. त्या दिवशी बर्निस नेहमीच्या वेळी जागी झाली, कारण अंगाला दुसरी वेळ माहीतच नव्हती. बाहेर काळोख होता. शेतांवर धुकं बसलं होतं. एमिलने कॉफी टाकली. उत्तरेच्या रस्त्यावरून मोठ्या इंजिनाचा आवाज यायला लागला, तसा तो खिडकीशी गेला.

"पडदा ओढून घेऊ?" त्याने विचारलं.

"नको."

तिने कोट चढवला आणि ती बाहेर गेली. ओसरीच्या पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला, जिथे बसचा उजेड पडेल तिथे उभी राहिली. बस आली. आत दिवे होते. खिडक्यांना टेकलेली लहान लहान डोकी झोपेत हिंदकळत होती. कोणाचीही नजर तिच्याकडे गेली नाही. नवीन बाईने चाक घट्ट धरलं होतं, तीही समोरच बघत होती.

बर्निसने मान खाली घातली नाही. बिटाच्या शेताला वळसा घालून मागचे तांबडे दिवे दिसेनासे होईपर्यंत ती तिथेच उभी होती, खिशात हात घालून, ताठ.