बहिरोबाच्या कानात

मुलांनो, डोळे मिटा बरं. सांगोल्याकडचा उघडा माळ डोळ्यांपुढं आणा. बोरी-बाभळी, पायाखाली खडे, लांबवर माणूस नाही. माळाच्या टोकाला एक जुनं दगडी देऊळ, आणि आत मांडी घालून बसलेला एवढा थोरला देव, की त्याच्या मांडीवर चढलात तरी हात त्याच्या कानाला पोचायचा नाही.

मूर्ती होती बुद्धाची. पण तिथं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंढरांमागची माणसं येता-जाता हात जोडत आणि त्याला बहिरोबा म्हणत.

सोलापूर गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, तेव्हाची ही गोष्ट. केरा नावाच्या एका लहान मुलीचे वडील गिरणीत होते, बिऱ्हाड शुक्रवार पेठेत. आई बाळंत व्हायची होती, म्हणून त्यांनी केराला आपल्या बहिणीकडं, गोजरबाईकडं, या माळावर आणून सोडलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. दुधावरची साय ती केराच्या भाकरीवर घालायची. तरी केराचं तोंड फुगलेलंच. शेवटी एका सकाळी मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आत्या तिचा हात धरून देवळाकडं निघाली.

"आत्या, बहिरोबा म्हंजी बहिरा व्हय गं?"

"आता गं बया!" आत्याला हसू आवरेना. "मग मोठ्यानं वरड की! जा, आईसाठनं काय मागायचं त्ये माग. मी दोन फुलं तोडून आलेच."

केरा आत गेली. मांडीवर चढली. देवाचे ते लांबलचक कान, ते मिटल्यासारखे डोळे बघून तिला वाटलं, खरंच याला काही ऐकू येत नसणार. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"देवा! मला घरी ने! आत्याच्या अंगाला मेंढरांचा वास येतो! तिच्याजवळ निजले की मला मळमळतं!"

दगडी भिंतींनी शब्द न् शब्द परत फेकला. केरानं वळून बघितलं. दारात आत्या उभी होती, ओंजळीत तरवडाची पिवळी फुलं.

"झालं मागून?" आत्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली. तिनं फुलं वाहिली. "चल, ऊन चढतंय."

परतीच्या वाटेवर तिनं हात धरला नाही. ती जरा लांबून चालत होती. वारा फिरला की वाट सोडून काट्यांतनं पलीकडं जायची. ती असं का करते, हे केराला आधी कळेना. मग कळलं, आणि तिचे कान तापले. वर बघायची छाती होईना. देव बहिरा असता, आत्या बहिरी असती, आपल्याला वाचाच नसती, तर किती बरं झालं असतं!

बाभळीखाली दोघी थांबल्या. आत्यानं भाकरीचं फडकं केरापुढं सोडलं आणि स्वतः लांब जाऊन पाठमोरी बसली.

"खा बाई. आज सांगावा धाडते तुज्या बापाला."

केरानं फडकं उचललं. ती गेली, आत्याला अगदी खेटून बसली, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून तिच्या तोंडापुढं धरला.