लेकीचा पहिला कर

मी एक इस्त्री. पितळेची, पोटात निखारे बाळगणारी. वजनाला अशी, की नवख्याचा हात दुसऱ्याच शर्टाला भरून येतो.

जुन्या बाजारातून मला मावशीने उचललं. चौदा मजली इमारतीच्या जिन्याखाली तिचं टेबल होतं. साहेबांचे शर्ट मी इतके कडक करायचे, की ते एकटेच कामावर गेले असते. चौदाव्या मजल्यावरच्या कारखानदारांच्या एका शर्टाची किंमत म्हणजे मावशीची महिन्याची कमाई. तो हाती आला की ती श्वास रोखायची.

तिची लेक टेबलाखाली बसून गणितं सोडवायची. शाळा सरकारी, फी माफ. पण पुढे इंजिनियर व्हायचं तर शिष्यवृत्ती हवी, नाहीतर टेबलाशेजारी दुसरं टेबल. मुलाखतीच्या सकाळी मावशीने लेकीचा एकुलता एक पांढरा शर्ट पसरला.

कारखानदार खाली आले. "मावशी, माझा शर्ट?"

"आज लेकीचा नंबर आधी, साहेब."

महिन्याभरात शिष्यवृत्ती मिळाली! कारखानदार हसत कुरकुरले, "म्हणजे माझ्याच करातून शिकणार!"

"मग पोरगी तुमचीही झाली की! थांबा, तुमची कॉलर जरा जास्त कडक करते."

पुढे लेकीच्या अभ्यासाची चौकशी साहेब दर आठवड्याला करू लागले.

लेक शिकली, पूल बांधायला लागली. पहिल्या पगाराची चिठ्ठी घेऊन आली ती तोंड पाडूनच. "आई, बघ ना, केवढा कर कापला! जास्त कमाई, जास्त टक्का."

मावशीने चिठ्ठी हिसकावली आणि दारोदार सांगत चौदाही मजले चढली. "माझ्या लेकीचा कर कापला!"

"अगं आई, लोक यावर रडतात!" लेक मागून धावत होती.

"रडू देत. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या कमाईकडे सरकारनं ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि तुझ्यासारख्या पोरी शिकायच्या कशावर? तुझा टक्का वाढू दे!"

त्या दिवशी मावशी इतकी हसली, की माझ्यातले निखारे विझले तरी तिला कळलं नाही.

आता मी लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीत बसते. अंग गार, पण पितळ लख्ख. आणि खरं सांगू? मावशी दुपारची झोपते. भर दुपारी, पाय पसरून! इतक्या वर्षांत मी तिला उभीच पाहिली होती.

तुम्ही दुपारी या घरी आलात, तर एवढंच करा. बेल वाजवू नका. जरा थांबा.