होरिकावाबाईंचा दुभाषा

विनीता पुण्यात सहा वर्षं जपानी शिकली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअर आले की त्यांच्यात आणि आपल्या लोकांत तीच बोलायची. लग्नानंतर २००३ साली ती शंतनूबरोबर अमेरिकेत फ्रीमाँटला आली, त्याच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून. त्या 'एच-फोर' व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. शंतनू सकाळी फ्रीवेला लागला की टाउनहाउसमध्ये ती आणि डिशवॉशर, एवढेच उरायचे.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिची गुरुदत्तशी ओळख झाली. तो दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला, मराठी मोडकं पण गोड बोलायचा. त्याला जपानी कार्टून मालिकांचं, म्हणजे ॲनिमेचं, जबरदस्त वेड. तेव्हा इथल्या अर्ध्या कॉलेजला ते होतं. जपानात लागलेला भाग ही पोरं दोन-चार दिवसांत इंग्रजी सबटायटल्स घालून इंटरनेटवर टाकायची. हौसेपोटी, फुकट, आणि अर्थातच चोरून. गुरुदत्त अशाच एका ग्रुपचा म्होरक्या होता. त्याला जपानी मुळाक्षरं यायची आणि वीस-पंचवीस वाक्यं.

"तू खरंच सगळं समजून घेतेस? विदाउट डिक्शनरी?" त्याने विचारलं.

"बहुतेक," ती म्हणाली. किती दिवसांनी तिला कुणी असं काही विचारलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ती त्याच्या ग्रुपसाठी भाषांतर करू लागली. मिठागरांच्या एका बेटावर राहणाऱ्या दोन बहिणींची मालिका होती. धाकटी रोज घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणायची. इतर ग्रुपवाले तिथे सरळ 'बाय' लिहायचे. विनीताने लिहिलं, 'जाऊन येते'च्या अर्थाचं इंग्रजी. गुरुदत्तला तिने फोनवर समजावलं, "माझी आई दारातून कधी 'जाते' म्हणू देत नाही. 'येते' म्हणायचं. यांचंही तसंच आहे बघ." लोकांना ते फार आवडलं. ग्रुपचं नाव झालं.

दीड वर्षाने लॉस एंजेलिसच्या एका डीव्हीडी कंपनीने तीच मालिका रीतसर विकत घेतली आणि गुरुदत्तला भाषांतरकाराची नोकरी दिली. नमुना म्हणून त्याने दाखवलं होतं ते सगळं विनीताचं काम. हे तिला कळलं एका वेबसाइटवरच्या त्याच्या मुलाखतीतून. त्यात त्याने 'इत्ते किमासु'ची गोष्टही सांगितली होती. "माय मॉम नेव्हर लेट्स मी से 'आय ॲम गोइंग'," असं छापलं होतं.

नुसतं कामाचं श्रेय घेतलं असतं तर ती एक वेळ गप्प बसली असती. त्याने तिची आईसुद्धा घेतली होती.

तिने फोन करून त्याला जाब विचारला. तो हसला. "अगं, तुला तरी काम करता येणारच नव्हतं ना? यू आर ऑन एच-फोर. मग तुझं नाव काय, माझं नाव काय, डिफरन्स काय पडतो, यार? तुझं काम वाया नाही गेलं, दॅट्स द मेन थिंग."

"बरोबर आहे तुझं," विनीता म्हणाली.

फोन ठेवून तिने ओव्हन घासायला घेतला आणि जाळीवरचा रंग निघेपर्यंत घासला.

तिने त्याच्याशी संबंध तोडले नाहीत. महिन्याभरात त्याचा पहिला मेल आला, जरा हा एपिसोड चेक करशील का. तिने चेक केला. मग पुढचा. मग चेक करणं संपलं आणि सगळंच ती करू लागली, पूर्वीपेक्षाही नीट. शंतनू वैतागला. "त्या चोरासाठी फुकट राबतेस तू?"

"त्याला माझ्याशिवाय एक पाऊल टाकता येऊ नये म्हणून राबतेय."

"आणि मग?"

"मग बघू," ती म्हणाली आणि पुन्हा हेडफोन लावले.

२००६च्या वसंतात ती वेळ आली. सॅन होजेला ॲनिमेवाल्यांचं मोठं संमेलन भरणार होतं आणि त्या बेटाच्या मालिकेच्या लेखिका, सत्तरीच्या होरिकावाबाई, जपानहून पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. कंपनीने सांगितलं, स्टेजवर दुभाषा आपला गुरुदत्तच. वेगळा माणूस कशाला?

तो काजूकतलीचा बॉक्स घेऊन घरी आला. बसल्या बसल्या गुडघा हलवत होता. "विनीता, प्लीज. तू माझ्या शेजारी बस. असिस्टंट म्हणून. त्या बोलल्या की तू कानात सांगायचं, मी माइकवर बोलेन. कोणाला कळणार पण नाही."

"बसते की," ती म्हणाली. "चहा घेतोस?"

त्या दिवशी तिने गाडी लावली, रांगेत उभी राहून प्रेक्षकाचं तिकीट काढलं आणि सभागृहात तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. आजूबाजूला निळे-गुलाबी विग घातलेली, पाठीला पुठ्ठ्याच्या तलवारी बांधलेली पोरं. पर्समध्ये फोन थरथरत होता. थांबे, पुन्हा थरथरे. तिने तो काढून बंद केला.

पडदा सरकला. टेबलामागे होरिकावाबाई, कंपनीची मॅनेजर आणि गुरुदत्त बसले होते; त्याच्या शेजारची चौथी खुर्ची रिकामी होती. गुरुदत्तची नजर रांगांवरून फिरली आणि तिच्यावर थांबली. त्याने टेबलाखालून हात हलवून बोलावलं. विनीताने त्याच्याकडे बघून हसून नकारार्थी मान हलवली, आणि पर्स मांडीवर घेऊन नीट टेकून बसली.

पहिल्या दोन प्रश्नांना त्याने वेळ मारून नेली. होरिकावाबाई लांबलचक बोलल्या की तो म्हणे, "शी इज व्हेरी हॅपी टू बी हिअर." मागे कुणी तरी फिसकन हसलं. त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला. कंपनीची मॅनेजर त्याच्याकडे वळून वळून बघत होती. अमेरिकेत आल्यापासून विनीताला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. त्याचा प्रत्येक आवंढा ती मोजल्यासारखा बघत होती.

मग एका मुलीने विचारलं, धाकटी बहीण तुम्हाला कुठे सापडली?

बाई जरा थांबल्या. हळू आवाजात बोलू लागल्या. माझीच बहीण ती. अकरा वर्षांची होती. पलीकडच्या बेटावर जायला होडीत बसली आणि परत आली नाही. मी स्वतः म्हातारी होईपर्यंत मला तिच्याबद्दल लिहिता आलं नाही.

गुरुदत्तला 'बहीण' आणि 'होडी' एवढे दोन शब्द कळले. तो माइकवर म्हणाला, "शी सेज, माय लिटल सिस्टर ऑल्वेज मिस्ड द बोट!"

सभागृह हशाने दणाणलं. टाळ्या पडल्या.

होरिकावाबाईंनी मान वर केली. हसणाऱ्या तोंडांकडे त्या एकेक करून बघत राहिल्या. मग दोन्ही हात टेबलाखाली नेले.

विनीताचं सुख तिथल्या तिथे गोठलं. ती उठली, लोकांचे पाय तुडवत वाटेतल्या माइकपाशी गेली आणि वाकून जपानीत म्हणाली, "बाई, यांना तुमचं बोलणं सांगितलंच गेलं नाही. परवानगी द्याल तर मी सांगते."

बाईंनी मान डोलावली. विनीताने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. मॅनेजरने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. विनीता स्टेजवर गेली, पण त्या खुर्चीवर बसली नाही. गुरुदत्तसमोर उभी राहिली. त्याला उठावं लागलं. सगळ्यांच्या देखत तो पायऱ्या उतरून गेला.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या पॅसेजमध्ये होरिकावाबाईंनी तिला थांबवलं. "तुम्ही सुरुवातीपासून तिथे होता. मी पाहिलं तुम्हाला. मग इतक्या उशिरा का उठलात?"

विनीताला खोटं बोलता आलं नाही. "त्याने माझं काम चोरलं. तो पडलेला मला बघायचा होता."

"तो पडला," बाई म्हणाल्या. "पण ते हसले माझ्या बहिणीला."

विनीता कमरेतून वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिने मान वर केली तोवर बाई माणसांच्या घोळक्यात निघून गेल्या होत्या.

गुरुदत्तची नोकरी त्याच आठवड्यात गेली. तिची जुनी भाषांतरं पुरावा म्हणून कंपनीच्या हातात पडली होती, ती तिनेच पाठवली होती. मॅनेजरने तिला त्याच्या जागी बोलावलं, पण व्हिसा आडवा आला आणि ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. गुरुदत्त दुसऱ्या राज्यात, चँडलरला, भावाकडे राहायला गेला. त्याचे मेल येत. पहिला शिव्यांचा होता, पुढचे माफीचे. तिने दोन्ही सारख्याच चवीने वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. ग्रीन कार्डाच्या अर्जामुळे २००८मध्ये वर्क परमिट हातात पडलं तेव्हा तिने एका दुसऱ्या कंपनीत भाषांतराचं काम धरलं.

त्याच सुमारास इंडियन स्टोअरमध्ये तिला गुरुदत्तची आई, सुमित्राकाकू, भेटल्या. त्यांनी तिची ट्रॉली अडवली.

"माझ्या पोराची इज्जत घालवलीस तू. एका शब्दाने सांगितलं असतंस तर त्याने ऐकलं असतं."

"सांगितलं होतं, काकू. तो हसला."

"म्हणून एवढं?"

"हो. एवढंच."

"झोप लागते का गं तुला?"

"त्याच्यामुळे लागते," विनीता म्हणाली. "दुसऱ्या एका बाईंमुळे कधी कधी लागत नाही."

काकूंना काही कळलं नाही. त्या पुटपुटत पुढे गेल्या. विनीता भेंडीच्या खोक्यापाशी वळली आणि कोवळ्या भेंड्या निवडू लागली.