भागिले चाळीस

मी गणिताची बाई आहे आणि माझं गणित चुकत नाही, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की आता कुणी वाद घालायच्या फंदात पडत नाही. धाकटा भाऊ तर नाहीच. त्याला आम्ही उंट म्हणतो, कारण प्रत्येक दारातून आत येताना तो वाकतो. उंट व्यावसायिक गोल्फ खेळतो आणि त्याच्या जागतिक क्रमवारीचा हिशेब गेली अकरा वर्षं माझ्या वहीत असतो.

क्रमवारीबद्दल ऐकावं ते अप्पांकडून. अप्पा म्हणजे आमचे वडील; त्यांचं अख्खं आयुष्य गोल्फ शिकवण्यात गेलं.

"आमच्या वेळी कसली क्रमवारी आणि कसलं काय!" ते म्हणतात. "क्लबचा सेक्रेटरी ज्याला पत्र पाठवील तो चांगला खेळाडू. मला नाही आलं कधी. पुढे बक्षिसाच्या रकमेवरून नंबर लावायला लागले. एका श्रीमंत स्पर्धेत नशीब फळफळलं की वर्षभर मिरवा! मग कुठे गुण आले. आधी तीन वर्षांचे धरायचे, आता दोन."

गुण जुने होतात तसे झिजतात. उरलेल्यांची बेरीज करायची आणि जितक्या स्पर्धा खेळलात तितक्यांनी भागायचं. पाचवीच्या पोराला जमेल.

यंदा वर्षाचा शेवटचा आठवडा उरला तेव्हा उंट पन्नासावा होता. वर्षअखेरीला पहिल्या पन्नासात असणाऱ्यांना सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण येतं. उंट एक्केचाळीस वर्षांचा, आणि ते त्याला एकदाही आलेलं नव्हतं.

सोमवारी मी वही घेऊन बसले. दोन वर्षांपूर्वीच्या दोन स्पर्धा या आठवड्यात गळणार, म्हणजे उरल्या एकोणचाळीस. गुण चौसष्ट. भागाकार एक पूर्णांक चौसष्ट. मागचा माणूस एक पूर्णांक बासष्टवर, आणि तो या आठवड्यात खेळत नव्हता. उंट खेळला आणि एकही गुण मिळाला नाही, तर स्पर्धा होणार चाळीस आणि भागाकार एक पूर्णांक साठ. संपलंच की!

मंगळवारी मी त्याला बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव मागे घे आणि घरी बस."

"अगं, पण ताई, हात छान चाललाय सध्या."

"हाताचं मला सांगू नकोस. आकडा बघ."

त्यानं आकडा बघितला, मान डोलावली आणि वाकून बाहेर गेला.

गुरुवारी सकाळी मी शाळेत निघाले होते. अप्पा चष्मा लावून क्रमवारीचे नियम वाचत बसले होते. दुसरे लोक पेपर वाचतात, आमचे अप्पा नियम वाचतात.

"काय गं," ते म्हणाले, "कमीत कमी चाळीसनं भागतात ना? कुणी चार स्पर्धा खेळून वर जाऊन बसू नये म्हणून?"

मी पर्स ठेवून वही उघडली. एकोणचाळीस खेळा नाहीतर एकोणतीस, भागायचं चाळीसनंच. म्हणजे घरी बसलं तरी एक पूर्णांक साठ. खेळण्यात काडीचाही तोटा नव्हता, आणि न खेळून तो एक्कावन्नावा होणार होता. माझ्यामुळे! अकरा वर्षं हा नियम मला ठाऊक होता, पण तो कायम पन्नासेक स्पर्धा खेळायचा, त्यामुळे चाळीसशी कधी गाठच पडली नव्हती. यंदा खांदा दुखला म्हणून स्पर्धा कमी झाल्या आणि मी आंधळ्यासारखी भागत सुटले.

शाळेला कळवलं आणि तशीच उंटाच्या घरी गेले. वाटेत शब्द जुळवत होते. जमत नव्हते. चूक कबूल करायची सवय कुठे होती मला!

भावजयीनं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहराच उतरला.

"ताई, ओरडू नका हं. ते मंगळवारीच गेले खेळायला. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

मी दारातच मटकन बसले. ती बिचारी पाणी आणायला धावली. तिला वाटलं, मला धक्का बसला. आणि मी हसत होते.

रविवारी उंट चौदावा आला. दीड गुण. साडेपासष्ट भागिले चाळीस मी चार वेळा केलं, मग अप्पांनी केलं. सोमवारी यादी लागली. पन्नासावा, आमचा उंट. अप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "चहा टाक."

तेवढ्यात त्याचा फोन आला.

"ताई, रागावलीस?"

"तोंड वर करून विचारतोस!" मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं, चाळीस, एकोणचाळीस, माझं शहाणपण.

"मला कुठलं ठाऊक चाळीस-बिळीस!" तो म्हणाला. "घरी बसून आमंत्रण आलं असतं ना, तर तिथे पाय ठेवायला लाज वाटली असती. म्हणून गेलो."

मी नाक पुसलं. मग तोच म्हणाला, "बरं, नव्या वर्षातल्या पहिल्या स्पर्धेचं सांग. खेळू की नको?"

"तुला खेळावंसं वाटतंय का?" मी विचारलं.

अकरा वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं.