गच्चीवरचं झाकण

"अहो काकू, हा कॉक बंदच होत नाही," प्लंबर सर्वेश संडासातून ओरडला. तोवर त्याचा शर्ट भिजला होता.

"उलटा फिरव," सुलक्षणाबाई दारातून म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं उलटं. इतक्या वेळा येतोस, अजून लक्षात राहत नाही तुझ्या?"

सर्वेशने कॉक उलटा फिरवला आणि पाणी थांबलं. तो कॉक सुलक्षणाबाईंच्या नवऱ्याने, म्हणजे मधुकर नेमळेकरांनी, स्वतः लेथवर बनवलेला होता. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात त्यांची उभी हयात गेली. लग्नानंतर घाटकोपरच्या चाळीत राहत असताना मोरीतला पितळी नळ दोनदा चोरीला गेला, तेव्हा ते चिडले आणि उलट्या आट्यांचा नळ करून घेऊन आले. चोर सोडवायला जायचा आणि नळ आणखी घट्ट बसायचा. ह्या यशाची नेमळेकरांना अशी काही झिंग चढली, की पुढे घरात आलेली आट्यांची प्रत्येक वस्तू त्यांनी उलटी करून टाकली. मुलुंडच्या ह्या तळमजल्यावरच्या घरात पाहुणा हात धुवायला गेला, की "उलटा फिरवा" अशी हाक मारावी लागायची. नेमळेकर जाऊन वर्ष झालं, तरी हाक सुटली नव्हती.

आज मात्र सर्वेशच्या भिजलेल्या शर्टावर हसायला सुलक्षणाबाईंना सवड नव्हती. संडासाच्या भांड्यात पुन्हा फेस चढला होता. दूध उतू जाताना चढतं तसा तो गुपचूप वर यायचा. फ्लश ओढला की पाणी काठापर्यंत येऊन थांबायचं, जरा विचार करायचं आणि मग गुडगुड करत नाखुशीने खाली जायचं. पाण्याचं हे रडगाणं गेल्या पावसाळ्यापासून होतं. फेस मात्र संक्रांतीनंतरचा.

"चेंबर साफ केलं, स्प्रिंग घातली, ॲसिड ओतलं," सर्वेशने बोटं मोजली. "आता पॉट उचलायला लागेल काकू. लादी फोडूया."

"आणि चार वाजता हर्षद आला की त्याला काय दाखवू, खड्डा?"

हर्षद त्यांचा मुलगा. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहायचा. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर सुलक्षणाबाईंना सोपं गेलं असतं. त्याने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती, सुनेने, जान्हवीने, खिडकीला पडदेसुद्धा लावले होते. आईने इथलं घर विकून तिथे यावं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. गुडघे दुखतात म्हणाला, त्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. एकटेपणा म्हणाला, त्यावरही होतं. पण मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, ज्या घरात संडास धड नाही तिथे तुला ठेवू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील." ह्याला मात्र उत्तर सापडेना. तेवढं साधून त्याने रविवारी दुपारी चारला एका एजंटला घर बघायला आणायचं ठरवून टाकलं.

चौदाव्या मजल्यावर सगळं चांगलं होतं. फक्त तिथे त्या हर्षदची आई होत्या, आणि इथे सुलक्षणा नेमळेकर. हा फरक त्यांना मुलाला समजावता येत नव्हता, आणि संडासाने तर ऐन वेळी दगा दिला होता.

"लादीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी मागे जायचं."

मागे जायचं म्हणजे काय, हे सर्वेशला कळलं नाही. सुलक्षणाबाईंनी निवृत्त होईपर्यंत एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर काम केलं होतं. खोक्यात गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली, की नवी पोरं खोकी भरणारीवर ओरडायची. बाई ओरडायच्या नाहीत. पट्टा थांबवून एकेक पाऊल मागे मागे जायच्या. चूक जिथे दिसते तिथे ती झालेली नसते, हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो कारखान्यात कधी खोटा ठरला नव्हता. घरात मात्र त्यांनी तो चार महिने वापरलाच नव्हता. त्याचं कारण म्हणजे पहिल्या मजल्यावरची श्रुतिका.

श्रुतिका आणि तिचा नवरा बरोबर ह्यांच्या डोक्यावर राहायचे. संक्रांतीला तिने वॉशिंग मशीन घेतलं आणि त्याच आठवड्यात खाली फेस आला. एवढा पुरावा बाईंना पुरला. तेव्हापासून "वरची साबणाने नुसती आंघोळ घालते कपड्यांना" हे वाक्य अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं होतं, श्रुतिकानेही.

बाईंनी बेल वाजवली तेव्हा तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. "काकू, प्लीज हां. मी एकच झाकण लिक्विड घालते. आता काय हाताने धुऊ?"

"भांडायला नाही आले गं. मशीन लावू नकोस. नुसत्या पाण्याची बादली संडासात ओत. साबणाचा थेंब नको. मी खाली जाऊन बघते."

श्रुतिकाने संशयाने बघत साखळी काढली. बाई खाली येऊन भांड्यापाशी उभ्या राहिल्या. वरून बादली ओतली गेली, आणि इथे भांड्यातल्या पाण्याने बुडबुडे सोडले, गुडगुड केलं आणि उसळी मारली. साबण नव्हता, मशीन नव्हतं, तरी आवाज तोच.

बाई परत एक जिना चढल्या. "तुझं नाही गं बाई ते," त्या श्रुतिकाला म्हणाल्या. "माझं तोंड उगाच सुटलं होतं. ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना सांगीन आता."

माफी मागताना लोक खाली बघतात, बाई सरळ तिच्याकडे बघत होत्या. श्रुतिकालाच अवघडल्यासारखं झालं. "अहो असू दे ना काकू," ती म्हणाली. "पण मग आहे कुणाचं?"

"पाणी खाली ढकललं की हवा वर येतेय," सर्वेश जिन्यात उभा राहून म्हणाला. आता त्याच्याही डोक्यात उजेड पडायला लागला होता. "मेन लाइनीला श्वास लागतो काकू. पाइप गच्चीवर उघडा असतो, तिथून हवा घेतो, तर पाणी धाडकन जातं. तो कोंडला तर हवा दुसरी वाट शोधणार. मशीनचा फेसपण तीच वाट धरतो. आणि सगळ्यात खाली कोण, तर तुम्ही."

"म्हणजे पट्ट्याची सुरुवात गच्चीवर," सुलक्षणाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला.

गेल्या मे महिन्यापासून त्या गच्चीवर गेल्या नव्हत्या. तोवर दर मे महिन्यात नेमळ्याहून, म्हणजे गावाहून, कोकमाचे रातांबे यायचे आणि बाई गच्चीवर आमसुलं वाळवायच्या. त्या दिवशीही सकाळी नेमळेकरांनी परात वर नेऊन दिली. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वर आमसुलांचं काय झालं, ती कोणी भरली की फेकली, हे बाईंनी कधी विचारलं नाही. ह्या वर्षी गावाहून दिराचा फोन आला, तेव्हा त्यांनी "नको" म्हणून सांगितलं होतं.

तीन मजले त्या कठड्याला धरून चढल्या. प्रत्येक वळणावर थांबल्या. सर्वेश "मी एकटा बघून येतो" म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं एकदा बघितलं.

पाण्याच्या टाकीशेजारी बिडाचा पाइप कंबरेइतका वर आला होता. त्याच्या तोंडावर घट्ट झाकण बसलेलं होतं.

"घ्या," सर्वेश म्हणाला. "कोणत्या गाढवाने हे बंद केलंय?"

"ते गाढव माझा नवरा."

सर्वेशने जीभ चावली. बाई झाकणाकडे बघत राहिल्या. पहिल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी नाकं मुरडली होती, संडासाच्या नळीशेजारी कसली खायची वस्तू वाळवता म्हणून. बाईंनी घरी येऊन आदळआपट केली. दोन दिवसांनी नेमळेकरांनी पाइपाला गळपट्टा बसवला, त्यावर हे झाकण आवळलं आणि म्हणाले, "बंदोबस्त केलाय." त्यानंतर दर मे महिन्यात बाईंनी ते पाइपावर पाहिलं होतं. बाकीचं वर्ष त्या कशाला वर येतात? त्यांना वाटत होतं, ते कायमचंच आहे.

सर्वेशने पाना लावला. झाकण हललं नाही. त्याने पाय रोवून जोर लावला, कपाळावरची शीर फुगली, तरी नाही. "गंजलंय. ग्राइंडर आणतो, कापून काढू."

"बाजूला हो."

"काकू, तुमच्याच्याने नाही व्हायचं ते."

"तू आवळतोयस रे बाबा. मघाशी सांगितलं ना, आमच्याकडे सगळं उलटं." बाईंनी पाना घट्ट करायला फिरवतात तसा फिरवला. एकदा कुरकुरलं, दुसऱ्यांदा सुटलं, आणि मग ते हातानेच फिरायला लागलं. आतल्या आट्यांना अजून ग्रीस होतं. झाकण निघालं तशी कोंडलेली घाण हवा भसकन बाहेर आली आणि सर्वेशने नाक दाबलं. बाईंनी नाही दाबलं.

त्या आट्यांकडे बघत होत्या. एकदाच बसवायचं असतं तर माणूस झाकण ठोकून बसवतो. आटे पाडून ग्रीस कशाला लावेल?

"काकू, हे इथे टांगायचं दिसतंय," सर्वेश म्हणाला.

टाकीच्या भिंतीत एक खिळा होता. त्याच्याभोवती तांबूस गंजाचं गोल वळं उमटलं होतं, बरोबर झाकणाएवढं. वर्षानुवर्षं झाकण तिथे लटकत असल्याशिवाय तसं वळं उमटत नाही.

सुलक्षणाबाई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. मे महिन्यात रोज संध्याकाळी नेमळेकर म्हणायचे, "जरा वर जाऊन येतो." डॉक्टरांनी बिडी बंद केली होती, म्हणून ते खाली आले की बाई दारातच त्यांचं तोंड हुंगायच्या. बिडीचा वास कधी आला नाही. "बडीशेप खाऊन येता, मला काय समजत नाही होय," असं त्या म्हणायच्या, आणि तो माणूस नुसता हसायचा. सकाळी लावलेलं झाकण संध्याकाळी उघडायला तो तळापासून गच्चीपर्यंत चढत होता. सांगितलं असतं तर बायकोने त्याच्या गुडघ्यांपायी आमसुलं घालणंच बंद केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या शेवटच्या दिवशी त्याची संध्याकाळ झालीच नाही, आणि झाकण तसंच राहिलं. बाईंना रडू आलं. सर्वेशने श्रुतिकाला मशीन लावून खाली बघायचा मेसेज टाकला आणि पाठ करून उगाच टाकीचा व्हॉल्व्ह तपासत राहिला.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. श्रुतिका होती. काकूंच्या संडासात उभी राहून बोलत होती. "मी वर मशीन लावून खाली आलेय. फेस नाही. फ्लश ओढला तर एकदम झकास जातंय. काकूंना सांग."

चारला हर्षद आला, एजंटसकट. बाईंनी मुलाला हाताला धरून संडासापाशी नेलं. "ओढ." त्याने फ्लश ओढला. पाणी एका दमात गेलं. त्याने पुन्हा ओढून पाहिला.

"आई, आज ठीक आहे, पण पुढे..."

"पुढचं पुढे. मी खंयच जावचंय नाय," बाई म्हणाल्या. चिडल्या किंवा खूश झाल्या की त्यांना मालवणी यायची. ह्यातलं कोणतं, ते हर्षदला कळलं असावं, कारण तो वाद घालायचा थांबला. बाईंनी एजंटला चहा पाजला आणि फाटकापर्यंत जाऊन निरोप दिला. मग दिराला फोन लावून विचारलं, रातांबे संपले तर नाहीत ना.

संपले नव्हते. पुढच्या आठवड्यात हर्षदने संध्याकाळी फोन केला, तेव्हा सकाळीच आमसुलं उन्हात पडली होती आणि पाइपावर झाकण चढलं होतं.

"सर्वेश पाइप उंच करून देतो म्हणतोय, म्हणजे झाकणच नको, तर करू दे ना आई," तो म्हणाला.

"पावसाळ्यानंतर बघू. आता ठेव. ऊन उतरलं."

"मग?"

"काही नाही. जरा वर जाऊन येते."

त्या कठड्याला धरून चढल्या, प्रत्येक वळणावर थांबल्या. झाकण उलटं फिरवून काढलं आणि खिळ्याला अडकवलं. ते वळ्यावर बरोबर बसलं. मग त्या टाकीला टेकून उभ्या राहिल्या. खाली दारात तोंड हुंगायला कोणी नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती.