पोटावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे, आणि आधीच कबूल करतो, माझा स्वभाव जळका आहे. शहाडजवळच्या टेकडीवर पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्या खालच्या खोलीत मी वीस वर्षं काढली. टाकीत पाणी किती आहे ते मीटर मला सांगायचं, आणि मी टेलिफोनच्या तारेवरून ते पंपघराला कळवायचो. माझ्या निरोपावर पंप चालू व्हायचा आणि बंदही.

मीटरची आणि माझी बोली इथल्या ऑपरेटरने, उत्तमकाकांनी जुळवली. दोन दिवस ते माझ्यासमोर मांडी घालून बसले होते. किती वेगाने बोलायचं, एका अक्षराला किती बिट, चूक पकडायची खूण म्हणजे पॅरिटी कोणती, यातलं एक जरी चुकलं तरी पलीकडे नुसता कचरा उमटतो. जुळलं तेव्हा त्यांनी ते आकडे कागदावर लिहून माझ्या पोटावर चिकटवले आणि वरून पारदर्शक टेप लावली.

दर दसऱ्याला ते माझी पूजा करत. डोक्यावरच्या भोकांतून कुंकू आत जाईल म्हणून मला उलटं करून पोटावर स्वस्तिक काढत. खोलीतला सगळ्यात मोठा हार माझा असायचा. मी फार मिरवलो.

मागच्या वर्षी काका निवृत्त झाले. गेल्या महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या रुचिता मॅडम सिमकार्डवर चालणारा नवा मोडेम घेऊन आल्या. काळाभोर, निळ्या दिव्यांचा. "किती क्यूट आहे ना हा!" त्या फोनवर कुणालातरी म्हणाल्या. वीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. त्यांनी माझी टेलिफोनची तार कायमची तोडली, मीटरची केबल त्याला जोडली आणि मला खिडकीत ठेवलं.

पण त्याला मीटरचं काही कळेना! पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मॅडमनी स्पीड ९६०० ठेवला, मग ४८००, मग पॅरिटी बदलली. कचराच. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

टाकीची पातळी कळेना म्हणून पंपघराने पंप बंद ठेवला. दुपारी टेकडीखालच्या सखुबाई धापा टाकत वर आल्या.

"बाय, नळाला टिपूस नाय. घरात बाळंतीण हाय माझ्या. पानी कवा येल?"

मला माझ्या आनंदाची लाज वाटली. मात्र बोलता आलं असतं तरी मी त्या नव्या मोडेमच्या पोराला आकडे सांगितले असते की नाही, कोण जाणे.

मॅडमनी स्पीकरवर फोन लावला. "काका, मीटरचं सेटिंग काय ठेवलेलं?"

"अगं, मोडेमच्या पोटावर लिहिलंय की!"

"बघितलं काका. पोटावर नुसतं कुंकू आहे."

"थांब, आलोच."

कल्याणहून ते रिक्षाने आले. खोबरेल तेलाच्या बोळ्याने त्यांनी वीस दसऱ्यांचं कुंकू हळूहळू पुसलं. "मीच लिहिलं आणि मीच झाकत गेलो रे बाबा," ते मला म्हणाले. टेपखाली आकडे शाबूत होते: स्पीड २४००, सात बिट, पॅरिटी इव्हन, एक स्टॉप बिट.

मॅडमनी ते भरले. पडद्यावर टाकीची पातळी उमटली आणि खाली पंप सुरू झाला. सखुबाई हसत टेकडी उतरल्या. माझेच आकडे, माझंच मीटर, आणि कौतुक मात्र त्याचं!

काल दसरा झाला. मोठा हार त्याला मिळाला. त्याच्याही पोटावर आता आकडे आहेत, आणि मॅडमनी कुंकू जपून एका कोपऱ्यात लावलं.

मित्रांनो, जुनं यंत्र जरूर पुजा, पण ते जे शिकलंय ते झाकू नका. आणि काढून ठेवण्याआधी त्याला एकदा पुसून बघा. माझा मत्सर काही गेलेला नाही. त्याच्या हारातलं एक झेंडूचं फूल गळून माझ्या खिडकीत पडलं आहे. ते मी त्याला परत देणार नाही.